समजून घ्या : कोळशातून सुटलेला पारा कोळशानेच कसा पकडतात?

घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये काळ्या दाण्यांचे एक नळकांडे असते. पाण्यातला क्लोरीनचा वास आणि रंग काढून घेणारे ते दाणे म्हणजे सक्रिय कार्बन, म्हणजेच अॅक्टिव्हेटेड कार्बन. हाच पदार्थ बारीक भुकटी करून औष्णिक वीज प्रकल्पाच्या धुरात फवारला, तर तो धुरातील पाराही पकडतो. अमेरिकेत हे तंत्र गेल्या दशकभरात सर्रास वापरले जाऊ लागले. भारताने २०१५ मध्ये औष्णिक प्रकल्पांसाठी पाऱ्याची मर्यादा ठरवली. पण ती मर्यादा इतकी सैल आहे की या तंत्राची वेळ अनेक ठिकाणी येतच नाही. हे तंत्र चालते कसे, ते कुठे अडते आणि पकडलेला पारा पुढे जातो कुठे, याचा हा आढावा.

कोळशात पारा येतो कुठून? किती?

कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचे अवशेष. भोवतालच्या खडकांतून आणि पाण्यातून आलेला पारा त्यात अडकून राहिला. बराचसा पारा कोळशातील पायराइट या लोह आणि गंधकाच्या खनिजासोबत असतो. त्याचे प्रमाण टनामागे साधारण ०.१ ग्रॅमच्या आसपास असते आणि खाणीगणिक ते कमी-अधिक होते.

आकडा किरकोळ वाटतो, पण जळणारा कोळसा किरकोळ नसतो. उदाहरणादाखल ५०० मेगावॉटचा एक संच घेऊ. एका युनिट विजेसाठी ६५० ग्रॅम भारतीय कोळसा धरला, तर पूर्ण क्षमतेने चालणारा हा संच तासाला ३२५ टन, म्हणजे दिवसाला ७,८०० टन कोळसा जाळेल. टनामागे ०.१५ ग्रॅम पारा धरला, तर दिवसाला सुमारे १.२ किलो पारा मोकळा होतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्याने एवढा पारा टपरीवरच्या चहाच्या एका ग्लासात मावेल.

अडचण अशी की, हा ग्लासभर पारा दिवसभरात बाहेर पडणाऱ्या सुमारे ४.३ कोटी घनमीटर धुरात विखुरलेला असतो. ढोबळ हिशोबाने धुराच्या १०० कोटी रेणूंमागे पाऱ्याचे अणू फक्त ३ असतात. त्याच १०० कोटींत कार्बन डायऑक्साइडचे रेणू १२-१३ कोटी आणि सल्फर डायऑक्साइडचे काही लाख असतात. या गर्दीतून ते ३ अणू वेचायचे आणि तेही धूर चिमणीत शिरण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत, हे या तंत्रापुढचे काम आहे.

इतक्या थोड्या पाऱ्याची एवढी चिंता का?

पारा हे मूलद्रव्य आहे. ते जाळून किंवा कुजवून नष्ट होत नाही, फक्त जागा आणि रूप बदलते. पाऱ्याची वाफ हवेत काही महिने ते वर्षभर टिकू शकते. त्यामुळे एका देशातील चिमणीचा पारा दुसऱ्या खंडात जाऊन उतरू शकतो.

जमिनीवर आणि पाण्यात उतरलेल्या पाऱ्याचे तळ्यांच्या, खाड्यांच्या आणि पाणथळ जागांच्या तळाशी असलेले जिवाणू मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. हे रूप सर्वांत घातक आहे. ते सूक्ष्म जिवांत शिरते, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत साठते आणि लहान माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी वाढते. साखळीच्या टोकाशी असलेल्या माशात त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लाखो पट असू शकते. म्हणूनच मुशी, कुपा यांसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा अधिक सापडतो.

माणसाच्या शरीरात मिथाइल मर्क्युरी मेंदू आणि मज्जासंस्थेवर आघात करते. सर्वाधिक धोका गर्भातील बाळाला असतो, कारण हे संयुग वार ओलांडून बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने चिंताजनक ठरवलेल्या १० रसायनांत पाऱ्याचा समावेश आहे.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण जपानमधील मिनामाता शहराचे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी अनेक वर्षे खाडीत सोडले जात होते. खाडीतले मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांत हातपाय थरथरणे, दृष्टी जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसू लागली. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली, पण सांडपाण्यातला पारा थांबायला १९६८ साल उजाडले. तिथे पारा पाण्यावाटे गेला होता. चिमणीतला पारा हवेवाटे जातो. माशापर्यंत पोहोचल्यावर मात्र दोन्ही वाटा एकच होतात.

पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय कराराला याच शहराचे नाव आहे. मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. हवेतील पाऱ्यासाठी करारात पाच प्रकारचे उद्योग नमूद आहेत : कोळशावरील वीज प्रकल्प, कोळशावरील औद्योगिक बॉयलर, तांबे-जस्त-शिसे-सोने यांचे धातुशुद्धी कारखाने, कचरा जाळणारे प्रकल्प आणि सिमेंटच्या भट्ट्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये मानवी उद्योगांतून जगभरात सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यात कोळसा जाळण्याचा वाटा साधारण एक पंचमांश होता. सर्वांत मोठा वाटा सोन्याच्या छोट्या, हाताने चालणाऱ्या खाणींचा होता.

राख पकडणारी यंत्रणा पारा का पकडू शकत नाही?

बॉयलरमधून निघालेल्या धुरातील राख पकडण्यासाठी बहुतेक प्रकल्पांत ‘ईएसपी’ ही यंत्रणा असते. ती राखेच्या कणांवर विद्युतभार चढवते आणि धातूच्या पत्र्यांकडे ओढून घेते. चांगली ईएसपी ९९ टक्क्यांहून अधिक राख अडवते. पण ती कण पकडते, वायू नाही.

बॉयलरच्या ज्वाळेत तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तिथे कोळशातला सगळा पारा वाफ होतो. पाऱ्याचा उत्कलनबिंदू ३५७ अंश आहे आणि ईएसपीजवळ धूर १३० ते १५० अंशांपर्यंत थंड झालेला असतो. मग तिथे पाऱ्याचे थेंब का होत नाहीत? उत्तर दोरीवरच्या कपड्यांत आहे. पाणी १०० अंशांना उकळते, तरी ३० अंशांच्या हवेत कपडे वाळतात आणि ते पाणी वाफ होऊन हवेतच राहते. धुरात पारा इतका विरळ असतो की तोही उकळण्याच्या तापमानाच्या खूप खाली वाफेतच राहतो.

धूर थंड होताना पारा तीन रूपांत विभागतो. काही पारा शुद्ध धातूची वाफ म्हणून राहतो. काही पारा धुरातील क्लोरीनशी संयोग पावून मर्क्युरिक क्लोराइड होतो. उरलेला थोडा राखेच्या कणांना, विशेषतः राखेतील न जळलेल्या कोळशाला चिकटतो. चिकटलेला पारा राखेबरोबर ईएसपीत अडकतो. मर्क्युरिक क्लोराइड पाण्यात विरघळते, म्हणून गंधकाचे वायू धुणारी ‘एफजीडी’ यंत्रणा असेल तर ते तिथे धुतले जाते. पण धातूरूप वाफ पाण्यात जवळपास विरघळतच नाही. ती ईएसपीही ओलांडते आणि एफजीडीही. सक्रिय कार्बनचे खरे काम या वाफेसाठी आहे.

सक्रिय कार्बन साध्या कोळशापेक्षा वेगळा कसा?

नारळाची करवंटी, लाकूड, दगडी कोळसा किंवा लिग्नाइट यांपासून तो बनतो. आधी हा कच्चा माल हवा तोडून भाजतात, म्हणजे त्यातले पाणी आणि उडून जाणारे पदार्थ निघून कार्बन उरतो. मग ८०० ते १,००० अंशांच्या वाफेचा मारा करतात. ही वाफ कार्बनचे काही अणू ओढून नेते आणि त्यांच्या जागी अतिसूक्ष्म छिद्रे उरतात. छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ मोजले, तर चांगल्या प्रतीच्या १ ग्रॅम कार्बनमध्ये ते १,००० चौरस मीटरच्या घरात जाते. म्हणजे चिमूटभर भुकटीत सुमारे १० गुंठे जागा.

स्पंजात पाणी भरते तसा पारा कार्बनमध्ये भरत नाही. तो या भिंतींवर चिकटतो. या क्रियेला अधिशोषण म्हणतात.

छिद्रांचा आकारही महत्त्वाचा ठरतो. करवंटीच्या कार्बनमध्ये दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रे जास्त असतात. पाणी गाळणाऱ्या नळकांड्यात ती चांगली, कारण तिथे वेळ भरपूर मिळतो. धुरात मात्र दोन-तीन सेकंदांत आतपर्यंत पोहोचायचे असते. त्यासाठी रुंद वाटा आणि त्यांना फुटणाऱ्या अरुंद गल्ल्या अशी दोन्ही प्रकारची छिद्रे लागतात. म्हणून अमेरिकी वीज प्रकल्पांत लिग्नाइटपासून केलेला कार्बन बराच वापरला गेला.

नुसते चिकटून भागते का?

नाही. आणि या तंत्रातली खरी मेख इथेच आहे. पाऱ्याचा अणू आणि कार्बनची भिंत यांच्यातले साधे आकर्षण दुबळे असते. १४० अंशांच्या गरम धुरात असा टेकलेला अणू पुन्हा सुटून निघून जातो. तो टिकवायचा असेल तर त्याचे रासायनिक रूप बदलावे लागते.

त्यासाठी कार्बनवर आधीच दुसरे मूलद्रव्य चढवून ठेवतात. पहिला पर्याय गंधकाचा. पारा आणि गंधक यांची ओढ जुन्या काळापासून ठाऊक आहे. रसशास्त्रात पारा आणि गंधक खलात घोटत राहिले की दोन्ही दिसेनासे होऊन कज्जली नावाची काळी भुकटी तयार होते. प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला की सांडलेल्या पाऱ्यावर गंधकाची पूड टाकतात, तेही याच कारणाने. निसर्गात सापडणारा लाल हिंगूळ हेही पारा आणि गंधकाचेच संयुग. गंधक चढवलेल्या कार्बनच्या छिद्रांत हीच क्रिया घडते : पारा आत येतो आणि मर्क्युरी सल्फाइड होऊन तिथेच बसतो.

दुसरा पर्याय ब्रोमीनचा. वीज प्रकल्पाच्या धुरात हाच अधिक चालतो, कारण तो झटपट काम करतो. कार्बनवरचे ब्रोमीन पाऱ्याच्या अणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. धातूरूप पाऱ्याचे ऑक्सिडीकरण होते आणि तयार झालेले संयुग कार्बनच्या पृष्ठभागाला घट्ट धरून राहते. म्हणजे १० गुंठे जागा पाऱ्याला टेकायला ठिकाण देते, आणि तिथून न सुटण्याची व्यवस्था ब्रोमीन करते.

साध्या कार्बनची मर्यादा अमेरिकेत २००१ मध्ये विस्कॉन्सिनमधील प्लेझंट प्रेअरी प्रकल्पाच्या चाचणीत दिसली. तिथला कोळसा कमी क्लोरीनचा होता. कार्बन कितीही वाढवला तरी पारा ६०-७० टक्क्यांपलीकडे पकडला जात नव्हता. पुढे ब्रोमीन चढवलेला कार्बन आला, तेव्हा अशाच कोळशावर ९० टक्क्यांच्या आसपास मजल गेली.

प्रकल्पात ही यंत्रणा कशी बसवतात?

बाहेरून पाहिले तर ती अगदी साधी दिसते. कार्बनची भुकटी साठवणारा उंच सायलो, तिचे माप घेणारा फीडर, हवेच्या जोराने भुकटी वाहून नेणारे पाइप आणि धुराच्या नळात घुसवलेल्या फवारणी नळ्या, एवढाच पसारा. भुकटीचे बहुतेक कण ४५ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात.

भुकटी ईएसपीच्या किंवा बॅग फिल्टरच्या आधी फवारतात. धुराबरोबर उडत जाताना ती पारा पकडते आणि पुढे राखेसोबत अडवली जाते. वर घेतलेल्या ५०० मेगावॉटच्या उदाहरणात घनमीटरमागे ४५ मिलिग्रॅम कार्बन धरला, तर तासाला ८० किलो, म्हणजे दिवसाला जवळपास २ टन भुकटी लागेल. चहाच्या ग्लासभर पाऱ्यासाठी २ टन कार्बन! बरीचशी भुकटी पाऱ्याशी गाठ न पडताच पुढे जाते, म्हणून एवढी लागते.

बॅग फिल्टर असेल तर काम सोपे होते. कापडी पिशव्यांवर राख आणि कार्बनचा थर बसतो आणि सगळा धूर त्या थरातून गाळून जातो, त्यामुळे पाऱ्याची कार्बनशी दुसऱ्यांदा गाठ पडते. ईएसपीत धूर पत्र्यांच्या मधून निघून जातो. तिथे उडत असतानाच जे पकडले जाईल ते खरे. भारतातील बहुतेक औष्णिक प्रकल्पांत ईएसपीच आहेत.

तंत्र कुठे अडते?

पहिला अडसर तापमानाचा. धूर साधारण १७५ अंशांच्या वर असेल तर कार्बनची पकड ढिली होते. दुसरा सल्फर ट्रायऑक्साइडचा. जास्त गंधकाच्या कोळशातून तो अधिक निघतो आणि कार्बनवरच्या ज्या जागा पाऱ्याला हव्या असतात त्याच अडवून बसतो. भारतीय कोळशात गंधक कमी असल्याने हा त्रास इथे तुलनेने कमी व्हावा. तिसरा अडसर मिसळण्याचा. धुराचा नळ एखाद्या खोलीएवढा रुंद असतो. एका कोपऱ्यात भुकटी पोहोचलीच नाही, तर तिथला पारा तसाच निघून जातो.

चौथा धोका आगीचा. कार्बन शेवटी इंधनच. मिशिगनमधील मार्क्वेट येथील प्रेस्क आइल प्रकल्पात ईएसपीनंतर कार्बन फवारून तो वेगळ्या बॅग फिल्टरमध्ये गोळा करण्याचा प्रयोग झाला. ९० टक्के पारा पकडण्याचे उद्दिष्ट गाठले गेले, पण सुरुवातीला फिल्टरखालच्या हॉपरमध्ये साचलेला कार्बन आपोआप तापून धुमसू लागला होता. हॉपर वेळच्या वेळी रिकामा करणे हा पुढे तिथल्या कामाचा भाग झाला.

हे फक्त वीज प्रकल्पांपुरतेच आहे का?

नाही. धुरात कार्बन फवारण्याचे तंत्र आधी युरोपातील कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांत रुळले. तिथे तो पाऱ्याबरोबर डायॉक्सिनसारखी विषारी संयुगेही पकडतो. अंत्यसंस्कारासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅस दाहिन्यांतही युरोपात कार्बन फिल्टर बसवले जातात, कारण दातांत भरलेल्या चांदीसारख्या मिश्रणात निम्मा पाराच असतो.

नैसर्गिक वायूच्या उद्योगात तर पारा माणसांआधी यंत्रांवरच उठतो. वायू द्रवरूप करण्यासाठी अॅल्युमिनियमचे उष्णता-विनिमयक वापरतात. पारा अॅल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो. अल्जीरियातील स्किक्दा येथे १९७३ मध्ये असा विनिमयक निकामी झाला आणि तेव्हापासून हा उद्योग सावध झाला. तरीही १ जानेवारी २००४ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूम्बा वायू प्रकल्पात याच कारणाने विनिमयकाचा भाग फुटला, स्फोट होऊन आग लागली आणि वायूपुरवठा विस्कळीत झाला. या उद्योगात भुकटी फवारत नाहीत. उभ्या टाकीत गंधक चढवलेल्या कार्बनचे दाणे भरून त्यातून वायू सोडतात. तिथे वायूला वेळ मिळतो, त्यामुळे पाऱ्याचे प्रमाण घनमीटरला ०.०१ मायक्रोग्रॅमच्या खाली नेता येते.

पकडलेला पारा पुढे कुठे जातो?

वीज प्रकल्पात तो राखेत जातो. हवेतला पारा कमी होतो आणि राखेतला तेवढाच वाढतो. त्यामुळे राखेचे पुढे काय होणार, हा प्रश्न या तंत्रापासून वेगळा काढता येत नाही.

कार्बनने धरलेला पारा पावसाच्या पाण्यात सहज विरघळून बाहेर पडत नाही, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केलेल्या चाचण्यांत आढळले. सिमेंट तयार झाल्यावर त्यात मिसळलेली राख किंवा न भाजता बनवलेल्या राखेच्या विटा या दृष्टीने तुलनेने सुरक्षित ठरतात. पण हीच राख कच्चा माल म्हणून सिमेंटच्या भट्टीत गेली किंवा मातीत मिसळून भाजलेल्या विटांत वापरली, तर उष्णतेने पारा पुन्हा वाफ होतो. एका चिमणीत पकडलेला पारा दुसऱ्या चिमणीतून सुटतो.

अमेरिकेत राखेबाबत आणखी एक अडचण आली. थंड प्रदेशात काँक्रीट गोठून तडकू नये म्हणून त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवणारे रसायन घालतात. राखेतला सक्रिय कार्बन ते रसायनच शोषून घेतो. प्लेझंट प्रेअरीच्या चाचणीत थोड्याशा कार्बननेही राख काँक्रीटसाठी निरुपयोगी झाली होती. म्हणूनच प्रेस्क आइलसारख्या ठिकाणी राख आधी वेगळी काढून मग कार्बन फवारण्याची रचना पुढे आली.

भारतात ही अडचण वेगळ्या रूपात आहे. इथल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, त्यामुळे २ टन कार्बन हजारो टन राखेत विरळ होतो. शिवाय इथल्या हवामानात बुडबुड्यांच्या काँक्रीटची गरज क्वचितच पडते. मात्र ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पांना १०० टक्के राख वापरात आणायची आहे. राख जितक्या अधिक ठिकाणी जाईल, तितका ती कुठे भाजली जाते याचा हिशोब ठेवणे गरजेचे होईल.

अमेरिकेत काय फरक पडला?

तेथे २०११ च्या अखेरीस वीज प्रकल्पांसाठी पारा आणि इतर विषारी घटकांचे राष्ट्रीय नियम ठरले आणि २०१५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१७ मध्ये वीज प्रकल्पांतून बाहेर पडणारा पारा २०१० च्या तुलनेत ८६ टक्क्यांनी कमी झाला होता. हे श्रेय एकट्या कार्बनचे नाही. एफजीडी, बॅग फिल्टर आणि बंद पडलेले जुने कोळसा प्रकल्प यांचाही त्यात मोठा वाटा आहे. नियमांवरचा वाद मात्र संपलेला नाही. २०२४ मध्ये ते आणखी कडक करण्यात आले आणि २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने अनेक प्रकल्पांना या वाढीव नियमांतून दोन वर्षांची सवलत दिली.

भारतात स्थिती काय?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक प्रकल्पांसाठी नवे निकष जाहीर केले. पाऱ्यासाठी मर्यादा घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम ठरली. २००३ च्या अखेरपर्यंत उभारलेल्या संचांपैकी ५०० मेगावॉटपेक्षा लहान संचांना ती लागू नाही.

आता वरच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहू. टनाला ०.१५ ग्रॅम पारा असलेला कोळसा, तासाला सुमारे १८ लाख घनमीटर धूर. भागाकार केला तर घनमीटरला सुमारे २७ मायक्रोग्रॅम पारा येतो. म्हणजे पारा पकडण्याची कोणतीही यंत्रणा नसताना, राखेत अडकणारा पारा वजा करण्याआधीच, हा संच मर्यादेच्या आत बसतो. मर्यादा ओलांडायची तर कोळशातला पारा याहून जास्त हवा.

तुलनेसाठी, अमेरिकेतील बहुतेक कोळशासाठीची मर्यादा घनमीटरला ढोबळमानाने दीड ते दोन मायक्रोग्रॅमच्या घरात येते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मोठ्या, जुन्या दगडी कोळसा प्रकल्पांसाठी कमाल ४ मायक्रोग्रॅमची पातळी घातली. चीनची मर्यादा भारताइतकीच, ३० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिका आणि युरोपच्या आकड्यांपर्यंत पोहोचायचे तर कार्बनसारखे तंत्र लागतेच. ३० मायक्रोग्रॅमसाठी ते लागेलच असे नाही.

दुसरा मुद्दा एफजीडीचा. ती बसवली की गंधकाबरोबर विरघळणारा पाराही कमी होतो. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुतांश संचांना एफजीडीच्या सक्तीतून सूट मिळाली. दिल्ली परिसर आणि १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आतील प्रकल्पांना ती २०२७ च्या अखेरपर्यंत बसवायची आहे. भारतीय कोळशात गंधक कमी आहे, हा या सवलतीमागचा युक्तिवाद होता. पण पाऱ्याचे प्रमाण गंधकाच्या मर्यादेकडे पाहून ठरत नाही. एफजीडी नाही, म्हणजे तिच्यासोबत आपोआप मिळणारी पाऱ्यातली घटही नाही.

अशा प्रकल्पात पारा कमी करायचा ठरले, तर मार्ग थोडे उरतात : कोळसा धुऊन पायराइट काढणे, ईएसपी सुधारणे, आणि कार्बन फवारणे. यातली कार्बनची यंत्रणा उभारायला एफजीडीच्या तुलनेत फारच कमी जागा आणि भांडवल लागते. तिचा खरा खर्च रोज लागणाऱ्या भुकटीचा असतो.

पुढे काय पाहायचे?

चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ येथील केंद्रांभोवती राहणाऱ्यांना धूर आणि राख नवी नाही. त्यांना दिसते ती राख; पारा दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. तो मोजल्याशिवाय कळत नाही. मोजण्याची एक रूढ पद्धतही सक्रिय कार्बनचीच आहे. काचेच्या नळीत कार्बन भरून तिच्यातून ठरावीक धूर ओढतात आणि नंतर त्या कार्बनमधला पारा प्रयोगशाळेत मोजतात.

म्हणून आपल्या जवळच्या प्रकल्पाबाबत तीन गोष्टी विचारता येतील. तिथे जळणाऱ्या कोळशात पारा किती आहे? चिमणीतून घनमीटरला किती मायक्रोग्रॅम बाहेर पडतो? आणि तिथली राख पुढे भट्टीत जाते की थेट सिमेंट-विटांत? प्रकल्प ३० मायक्रोग्रॅमच्या आत आहे, एवढेच उत्तर मिळाले तर पारा पकडला जातो आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.